दिसतं ते स्टेनलेस

मी भूत पाहिलेलं आहे. एकदाच, पण सकाळी, लख्ख उजेडात, चहाच्या वेळेला. ते भूत बाई होतं, गोरं होतं, म्हातारं होतं आणि अमेरिकन नागरिक होतं. माझी बायको म्हणते, हा माणूस भाजी आणायला गेला तरी पिशवीतून नाटक घेऊन येतो. खरं आहे. पण या गोष्टीला मी रंग लावत नाही. लावायची गरजच पडली नाही कधी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला धातुशास्त्राची पदवी घेऊन मी तिथून जवळच एका नव्या मोटार कंपनीत चिकटलो होतो. कंपनी म्हणजे काय, तर एकेकाळी जिथे कपाटं बनायची अशी एक लांबलचक शेड आणि त्यात श्रीमंत लोकांसाठी गाडी बनवायचं स्वप्न पाहणारे आम्ही मूठभर लोक. आमचा साहेब साठीचा, उंच, पांढऱ्या भुवयांचा, मोठ्या कंपनीची खुर्ची सोडून आलेला. त्याचं एकच म्हणणं: "गाडी दारात आली हे यजमानाला बेल वाजल्यावर कळलं पाहिजे." इतकी शांत गाडी. आत अक्रोडाचं लाकूड, बाशिंगासारखं चमकणारं नाक, आणि आवाज म्हणजे देवळात कुणीतरी कुजबुजावं तेवढाच.

आता एवढी शांत गाडी करायची तर सायलेन्सर मोठा हवा. आम्ही दोन लावले. एक मागे, आणि एक मधे, बरोबर मागच्या सीटखाली. हे सगळं कशाचं करायचं यावर एक दिवस मीटिंग भरली. टेबलावर मी तयार केलेले दोन नळ्यांचे तुकडे. एक स्टेनलेस स्टीलचा. दुसरा साध्या पोलादाचा, वर ॲल्युमिनियमचा मुलामा. आपल्याकडे पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात, तसाच प्रकार. कल्हई आहे तोवर पातेलं राजा, कल्हई उडाली की आमटी कळकली.

साहेबाने पेनाने स्टेनलेसला टिचकी मारली. टण्ण. मग दुसऱ्याला. ठक्क.

"ऐकू येतंय?" तो म्हणाला.

हिशेब बघणारा माणूस शांतपणे म्हणाला, "सर, गिऱ्हाईक गाडीखाली झोपून टिचकी मारत नाही."

सगळे हसले, आणि निर्णय तिथेच झाला. गाडीच्या मागून जो टीचभर नळीचा तुकडा बाहेर डोकावतो, तो स्टेनलेसचा, आरशासारखा घासलेला. त्याच्यापुढे इंजिनापर्यंत सगळं साधं, कल्हईवालं. दिसतं ते स्टेनलेस, दिसत नाही ते स्वस्त. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी माझ्याकडे बोलायला काही नव्हतं, कारण तो स्वस्त तुकडा माझ्या सगळ्या परीक्षा पास झाला होता. आम्ही गाडी तासन्‌तास पळवायचो, नळी तापून लाल व्हायची, वरून मिठाचं पाणी मारायचो. बाहेरून मीठ, आतून आग. पठ्ठ्याला काही होत नव्हतं.

आगीचीच परीक्षा घेतली आम्ही. पाण्याची घ्यावी हे एवढ्या शिकलेल्या माणसांत कुणालाही सुचलं नाही. पेट्रोल जळलं की धुराबरोबर पाणीही तयार होतं. थंडीत गाडी सुरू केली की नळीतून टपटप थेंब पडतात ना, ते तेच. गाडी दूरवर नेली तर नळी तापते आणि पाणी उडून जातं. नेलीच नाही, तर ते सायलेन्सरच्या पोटात साठतं आणि आंबतं. पण गाडी घेऊन ती न चालवणारा माणूस आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता.

मी पाहिलेला होता. रविवारी त्याच्याच घरी जेवत होतो.

काका, नात्याचे नव्हेत, मानलेले, दातांचे डॉक्टर, मूळचे पुण्याचे. काकू नागपूरच्या. मुलगी लांबच्या शहरात नोकरीला, त्यामुळे घरात दोघंच. माझ्यासारख्या सडाफटिंग पोरांना दर रविवारी जेवायला बोलवायचं हा काकूंचा नेम होता आणि तो त्या व्रतासारखा पाळायच्या. पुण्याचे काका आणि नागपूरच्या काकू यांची जुगलबंदी ऐकायला मी वरणभाताशिवायही गेलो असतो.

काकांनी आमची गाडी घेतली. गर्द निळी. शोरूमच्या आवारातच पूजा झाली. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदकुंकू. काका भक्तिभावाने कुंकवाचं बोट घेऊन स्वस्तिक काढायला वाकले, तसा मी त्यांचा हात वरच्या वर पकडला.

"काका, ओम काढा, ओम! इथे ते चिन्ह गाडीवर दिसलं तर पोलीस येतील."

"अरे, आपलं आहे ते!"

"हो, पण या लोकांना ते आधी दुसऱ्यानेच दाखवलंय."

काकांनी नाइलाजाने ओम काढला. नारळ मात्र फुटपाथवर असा काही फोडला की आतून सेल्समन धावत आला.

मग नोव्हेंबर आला. मिशिगनमध्ये बर्फ पडलं की रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्यांना खातं. काकांनी जाहीर केलं की ही गाडी मिठाच्या रस्त्यावर पाय ठेवणार नाही. दवाखान्यात जायला जुनी गाडी होतीच. नवी गॅरेजमध्ये, सुती चादर पांघरून. पण नुसती उभी ठेवली तर बॅटरी मरते, ऑइल गोठतं, अशी त्यांची धास्ती. दाताच्या डॉक्टरचं डोकं. त्यांनी त्यावर उपाय काढला, जो ते गेली वीस वर्षं पेशंटना सांगत होते.

"सकाळ-संध्याकाळ, दोन वेळा. चुकवायचं नाही. दात काय आणि इंजिन काय!"

सकाळी आंघोळ झाली की काका सोवळं नेसून गॅरेजमध्ये जायचे, चादर काढायचे, गाडी सुरू करायचे आणि वरच्या मजल्यावर देवघरात पूजेला बसायचे. आरती झाली की खाली येऊन गाडी बंद. संध्याकाळी दिवा लावताना पुन्हा तेच. देवाला निरांजन, गाडीला किल्ली. गाडी गॅरेजमध्ये नाक आत आणि शेपूट दाराकडे करून उभी असायची, आणि दार वीतभर वर उचलून खाली लाकडाचा ठोकळा लावलेला. ती चमकणारी स्टेनलेसची नळी बरोबर त्या फटीशी. सगळा धूर बाहेर. काका काही अडाणी नव्हते. नळी धड होती तोवर त्यांच्या योजनेत बोट ठेवायला जागा नव्हती.

पहिला हिवाळा गेला. दुसऱ्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या आसपास, काकूंना घरात कुणीतरी दिसायला लागलं.

आधी पावलं ऐकू आली. काका दवाखान्यात गेलेले, काकू पोळ्या करताहेत आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी सपाता घासत चाललेलं. मग छातीवर कुणी उशी ठेवून बसल्यासारखं वाटायचं. मग एका सकाळी त्यांनी वळून पाहिलं तर सिंकपाशी एक गोरी म्हातारी, पाठमोरी, राखाडी स्वेटर, खिडकीतून बाहेर बघत उभी.

काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या पुरणपोळी लाटत होत्या आणि लाटणं थांबलं नव्हतं.

"घाबरला नाहीत, काकू?"

"घाबरले बाप्पा, घाबरणार नाही तर काय! पण ती काही करत नाही रे. बघत असते फक्त. मी एकदा म्हटलं, बाई, चहा घेता का? तर वळलीसुद्धा नाही."

"मराठीतून विचारलंत?"

"मग काय! भुतासाठी इंग्लिश शिकू का आता?"

हे घर काकांनी घेतलं त्याआधी तिथे एक म्हातारी विधवा राहायची आणि ती त्याच घरात वारली, हे शेजारणीने पूर्वीच सांगितलेलं होतं. झालं. आमच्या तिथल्या मराठी मंडळींना विषय मिळाला. महिन्याच्या जेवणात बटाटेवड्यांबरोबर त्या म्हातारीचा समाचार घेतला जाऊ लागला. एका मावशींनी मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी घराची दृष्ट काढली. त्यावर एक गृहस्थ म्हणाले, "अहो, अमेरिकन भूत ते, त्याला मिरच्या झेपायच्या नाहीत, स्यू करेल तुम्हाला!" दुसरे म्हणाले, "कशाला एवढं? दारावर 'नो सॉलिसिटिंग'ची, फिरत्या विक्रेत्यांना मज्जाव करणारी, पाटी लावा." सगळे खोखो हसले. मीही. काकू हसल्या नाहीत. त्या मोहऱ्यांचा ठसका बसल्यासारख्या डोळे टिपत होत्या.

काकूंनी मग सकाळ-संध्याकाळ धूप घालायला सुरुवात केली. ऊद, गुग्गुळ, काय काय. दोन्ही मजल्यांवर वाटी फिरवायच्या. घरात शिरलं की एखाद्या जुन्या देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखं वाटायचं. आणि तरी ते घर हळूहळू बदलत होतं. मी दर रविवारी जायचो म्हणून मला कळायचं. काकू आमटीत मीठ दोनदा घालायच्या, कधी विसरायच्या. बोलता बोलता वाक्य मधेच सोडून सिंककडे बघायच्या. त्यांचा जीव की प्राण असलेलं कढीपत्त्याचं झाड, जे त्यांनी हिवाळ्यात गॅरेजच्या दाराजवळच्या खिडकीत आणून ठेवलं होतं, त्याची पानं गळून काड्या उरल्या होत्या. कपडे वाळवायच्या यंत्राशेजारी त्या काड्या हाताची बोटं पसरावीत तशा उभ्या. त्यांच्याकडे बघून मला उगीचच थंडी वाजायची. गाल मात्र काकूंचे गुलाबी. बायका कौतुक करायच्या, "अमेरिका मानवली हो तुम्हाला!"

काकांना हे सगळं लाजिरवाणं वाटत होतं. त्यांचंही डोकं दुखायचं, पण ते त्याचं खापर दवाखान्यातल्या ड्रिलवर फोडायचे. मुलगी फोनवर म्हणाली, "मॉम, घोस्ट्स आर नॉट रिअल. यू आर जस्ट लोन्ली." शेवटी काकांनी परस्पर ठरवलं आणि विमानाचं तिकीट काढलं. काकूंनी नागपूरला बहिणीकडे जायचं. किती दिवस, ते सांगितलं नाही. परतीचं तिकीट काढलं नव्हतं.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर काका डुलकी घ्यायला गेले, तसं काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"तू इंजिनीअर आहेस ना?"

"हो, पण भुतांचा नाही."

"थट्टा नको रे आता." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. "हे मला वेडी म्हणून पाठवताहेत. तिकडे बहिणीच्या घरी सगळे दारामागून बघतील माझ्याकडे. एकदा वेडी म्हणून परत गेले ना, की मग मी काही बोलले तरी ते वेडीचंच. तू पुढच्या शनिवारी इथे मुक्कामाला ये. रविवारची सकाळ माझ्याबरोबर काढ. ती रविवारी येतेच. तुला दिसली तर माझं खरं. नाही दिसली, तर मी चकार शब्द न काढता विमानात बसेन."

"आणि दिसली तर?"

"तर यांना सांग. तुझं ऐकतील. तू यांचा गाडीवाला ना!"

विमान सोमवारचं होतं. एका बाईचं शहाणपण माझ्या डोळ्यांवर ठरणार होतं, आणि माझ्या डोळ्यांना तेव्हा चष्मा लागलेला होता. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मनातून ठरवलं होतं की दिसली नाही तरी दिसली म्हणायचं. एका म्हातारीपायी दुसरीची बदनामी कशाला?

शनिवारी बर्फातून गेलो. काकूंची बॅग दाराशी भरून ठेवलेली, वर गुंडाळलेली शाल. मला झोपायला गॅरेजवरची पाहुण्यांची खोली दिली.

सकाळी मला जाग आली ती खालून येणाऱ्या एका आवाजाने. घूं... घूं... भिंतीतून, पलंगाच्या पायांतून, दातांतून. पलीकडे देवघरात घंटा वाजत होती. रविवारी दवाखाना बंद, त्यामुळे काकांची पूजा सविस्तर असायची. सगळी स्तोत्रं, सावकाश. मी उठायला गेलो तर डोकं कुणी उखळात घालून कुटल्यासारखं. पाय माझे नव्हते. मला हसू येत होतं, कशाचं ते कळत नव्हतं. जिना उतरताना मी कठड्याला धरून उतरलो आणि प्रत्येक पायरी किंचित उशिरा येत होती.

स्वयंपाकघरात धुपाचा निळा पडदा. बाहेर बर्फावर ऊन पडलेलं, त्यामुळे खिडकी पांढरीफटक. आणि त्या खिडकीसमोर, सिंकपाशी, ती उभी होती.

राखाडी स्वेटर. मानेवर विरळ पांढरे केस, त्यांतून उन्हाने गुलाबी दिसणारी कातडी. एक हात ओट्यावर. मी तिला जेवढं स्पष्ट पाहिलं तेवढं त्या महिन्यात दुसरं काही पाहिलं नसेल. स्वेटरच्या कोपरावर रफू केलेलं होतं, निळ्या लोकरीने. ती बाहेर बघत होती, कुणाची गाडी यायची वाट बघावी तशी. मला भीती वाटली नाही. मला वाटलं, आपण हिच्या घरात आहोत आणि हिला विचारलेलं नाही.

मी "गुड मॉर्निंग" म्हणालो. शपथेवर सांगतो. भुताशी माझं झालेलं एकमेव संभाषण.

ती वळली नाही. पण मी बोललो त्या क्षणी तो आवाज पुन्हा ऐकू आला, आणि आता त्यात काहीतरी चुकत होतं. घूं... फर्र. घूं... फर्र. मला तो आवाज पाठ होता. त्याला कुजबुजत ठेवण्यासाठी मी दोन वर्षं कान लावून बसलो होतो. आमची गाडी कधी फर्र करत नाही. फर्र करते ती फुटलेली नळी. आणि मग धुपाच्या खालून, ऊद-गुग्गुळाच्या सगळ्या थरांखालून, मला एक ओळखीचा वास आला. माझ्या प्रयोगशाळेचा वास.

मी सिंककडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. टेबलाशी काकू होत्या. खुर्चीत बसलेल्या, गाल टेबलावर टेकलेला, गुलाबी, डोळे अर्धे उघडे, हातात धुपाची वाटी तशीच.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. गॅरेजचं दार उघडलं तेव्हा आतून जी हवा अंगावर आली, ती गरम आणि ओली होती, एखाद्या जनावराच्या श्वासासारखी. गाडीची किल्ली फिरवून ती बंद केली. मोठं दार वर ढकललं. परत आत आलो, काकूंना खुर्चीसकट ओढत बाहेर नेलं आणि बर्फात ठेवलं. तिथे मी स्वतः गुडघ्यांवर पडलो आणि आदल्या दिवशीचं सगळं जेवण मिशिगन राज्याला परत केलं.

वरची घंटा थांबली. थोड्या वेळाने काका आले. सोवळ्यात, उघड्या अंगाने, अनवाणी, एका हातात घंटा, बर्फात.

"अरे गाडी बंद का केलीस? आरती राहिलीय अजून!"

"काका, वर खिडक्या उघडा! घरात विषारी वायू आहे!"

"अगं, तू बाहेर काय करतेयस?" ते काकूंना म्हणाले. मग त्यांनी काकूंचा चेहरा पाहिला आणि त्यांच्या हातातली घंटा पडली. बर्फात पडली, त्यामुळे तिचा आवाजच झाला नाही. समोरची शेजारीण झगा गुंडाळून दारात आली होती. उघड्याबंब दातांच्या डॉक्टरला बर्फात बसून बायकोचे हात चोळताना, मोठमोठ्याने रडताना पाहिलं आणि शहाण्या बाईने काही न विचारता ॲम्ब्युलन्सला फोन केला.

काकू वाचल्या. आम्हा तिघांनाही ऑक्सिजन लावला. त्यांना सगळ्यात जास्त वेळ. त्या काळी घराघरात या वायूसाठी शिट्टी मारणारी डबी नसायची. नाक आणि नशीब, एवढंच. कार्बन मोनॉक्साइड, डॉक्टर म्हणाले. त्याला स्वतःला वास नसतो, तो हळूहळू रक्तात बसतो, डोकं दुखवतो, गाल गुलाबी करतो, छातीवर ओझं ठेवतो, नसलेले आवाज ऐकवतो आणि नसलेली माणसं दाखवतो. मधला सायलेन्सर सांध्यावर कुजून फाटला होता. तिथली कल्हई वेल्डिंगमध्येच जळालेली असते, आणि दोन हिवाळ्यांचं आंबलेलं पाणी बरोबर तिथेच बसलं होतं. धूर मागच्या चमकदार नळीपर्यंत पोचतच नव्हता. तो गाडीच्या पोटातून गॅरेजमध्ये, कपडे वाळवायच्या यंत्राशेजारच्या दाराखालून आत, आणि मग घर गरम करणाऱ्या हवेबरोबर प्रत्येक खोलीत. त्या आठवड्यात कडाका वाढला म्हणून काकांनी दाराखालचा ठोकळाही आडवा केला होता. वीतभर फट चार बोटं झाली होती.

खाटेशी बसलेल्या काकांच्या हातात तिकिटाचं पाकीट होतं. त्यांनी ते दुमडलं, पुन्हा दुमडलं आणि म्हणाले, "तिकीट कॅन्सल केलं गं."

काकू तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाल्या, "म्हणजे मी वेडी नव्हते?"

"नाही गं. नव्हतीस. मीच..." काकांनी ते पाकीट आणखी एकदा दुमडलं.

काकूंनी सुस्कारा टाकला. मग अगदी हलक्या आवाजात, "म्हणजे ती पण नव्हती?"

मी तिथे उभा होतो. काकांनी माझ्याकडे पाहिलं, शास्त्राच्या माणसाने आता बोलावं म्हणून. मी म्हणालो, "वायूमुळे भास होतात, काकू."

"तुला झाला?"

"झाला."

"कशी होती?"

"पाठमोरी. राखाडी स्वेटर." हे त्यांनीच मला सांगितलेलं होतं, तेव्हा यात विशेष काही नाही. पण काकू माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी मास्क पुन्हा लावायच्या आधी स्वतःच्या उजव्या कोपराला हात लावला. बोटाने एक छोटासा गोल काढला. एवढंच. मी मान हलवली की नाही मला आठवत नाही. या जागेवर लोक मला नेहमी विचारतात, "खरंच?" आणि मी नेहमी चहा मागवतो.

तो कुजलेला सायलेन्सर मी साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवला. साहेबाने सवयीने पेनाने टिचकी मारायला हात उचलला. पेन आरपार गेलं.

"असं कोण चालवतं गाडी?" तो हळूच म्हणाला.

"चालवत नाहीत सर. नुसती सुरू करतात. रोज दोन वेळा. प्रेमाने."

साहेबाने दुसऱ्या दिवसापासून थेट इंजिनापर्यंत स्टेनलेस लावायला सांगितलं आणि विकलेल्या गाड्या एकेक करून परत बोलावून त्यांचंही बदलून दिलं. त्यानंतर फार गाड्या बनल्या नाहीत. कंपनी बंद पडली. त्या शेडमध्ये पुन्हा कपाटं बनतात असं ऐकलं.

आता काकांचं. मला वाटलं होतं ते गाडी विकतील. पण मार्चच्या एका रविवारी मी पोचलो तर निळी गाडी दारात, बाहेर, मिठाच्या चिखलात उभी. काका ड्रायव्हरच्या जागेवर, चेहरा दात काढून घ्यायला बसलेल्या पेशंटसारखा.

"बस मागे," ते मला म्हणाले. "हिला बाहेर न्यायचंय. रोज नेतोय. डॉक्टर म्हणाले, मोकळी हवा."

"काका, मीठ..."

"मला माहीत आहे मीठ!" ते ओरडले. "गप्प बस. बस मागे."

काकू पुढे बसल्या, शाल लपेटून. खिडकीतल्या कढीपत्त्याला एका काडीवर दोन कोवळी पानं फुटली होती, ती त्यांनी मला बोटाने दाखवली. मी मागच्या सीटवर बसलो, बरोबर त्या नव्या सायलेन्सरच्या वर. चाकांखाली मीठ कुरकुरत होतं आणि प्रत्येक कुरकुरीला काकांचे खांदे आक्रसत होते. त्या उन्हाळ्यापर्यंत गाडीच्या कडांना तांबूस फोड आले, आणि काकांनी ते कधी पुसले नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीचं. गाडी मागे घेताना काकूंनी मान वळवली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे हात हलवला. घर सांभाळायला कुणाला ठेवून निघावं, तसा.

"कुणाला गं?" काकांनी विचारलं.

"कुणाला नाही," काकू म्हणाल्या. "एकटी राहील बिचारी. तुम्ही बघा समोर."

काकांनी समोर पाहिलं. मी मागे पाहिलं. खिडकी पांढरी होती, उन्हाने. माझा हात आपोआप वर गेला होता.